ट्रकला थंड हवा : खानदेशातला हिशेब

'घाटमा गाडी दम नही धरस.' जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत, मे महिन्यात ट्रकच्या कुठल्याही गॅरेजवर थांबा, ही तक्रार कानावर येतेच. तिच्यावरचे जुने उपाय मिस्त्रींना पाठ आहेत. नोझल तपास, पंप काढ, टर्बो बघ, फिल्टर झटक. त्या यादीत आता एक नवा उपाय घुसू पाहतो आहे. ॲल्युमिनियमचा किंवा काळ्या प्लॅस्टिकचा जाड पाइप, त्याच्या टोकाला लाल कापडी जाळीचा शंकूसारखा फिल्टर आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'कोल्ड एअर इनटेक'. कंपनीचा एअर क्लीनरचा डबा काढायचा आणि हे बसवायचे. इंजिनाला थंड हवा भरपूर मिळते, दम वाढतो, एव्हरेज वाढतो, असे सांगून ते विकले जाते. थार, स्कॉर्पिओ, व्ही-क्रॉसवाल्या हौशी मंडळींचे ठीक आहे. पण बोलेरो पिकअपवर केळी वाहणारा आणि आयशरवर कापसाच्या गाठी नेणाराही आता विचारतो, 'आपल्या गाडीला बसेल का?'

बसेल. बसवायला अवघड काहीच नाही, चार क्लॅम्प आणि दोन नटबोल्टांचे काम आहे. बसवल्यावर काय मिळते आणि काय जाते, हा खरा प्रश्न. माझे मत आधीच सांगून टाकतो: खानदेशातल्या मालवाहू गाडीला थंड हवेची जेवढी गरज आहे, त्याच्या कितीतरी पट गरज स्वच्छ हवेची आहे, आणि हे किट बहुतेक वेळा पहिलीच्या नावाखाली दुसरी घालवते.

थंड हवेमागचे भौतिकशास्त्र मात्र खोटे नाही. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के हलकी असते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणे कुणाला नवीन नाही. म्हणजे डिसेंबरातल्या गाडीपेक्षा मेमधल्या गाडीच्या पोटात प्रत्येक घोटागणिक प्राणवायू कमीच जातो. त्यात फिल्टरने हवा बाहेरून न घेता इंजिनाशेजारून घेतली, तर ती ६० अंशांपर्यंतही असू शकते. आणखी ४-५ टक्के गेले. इथवर किट विकणाऱ्याचे बोलणे बरोबर आहे.

पुढे तो दोन गोष्टी सांगत नाही. पहिली, डिझेल इंजिनाची चाल. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की हवेचे दार उघडते आणि पेट्रोल त्या हवेच्या मापाने पडते. डिझेलमध्ये ॲक्सिलरेटर मुळात डिझेलचे माप ठरवतो. हवा गरजेपेक्षा जास्तच येत असते. डिझेल तेवढेच पडत असेल, तर हवा थोडी वाढवून जोर वाढत नाही. डिझेल पूर्ण जळायला हवा अपुरी पडते तेव्हाच, म्हणजे गाडी भार घेऊन चढाला लागली आणि मागे काळा धूर सोडू लागली तेव्हाच, वाढीव हवेचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट टर्बो आणि इंटरकूलरची. आजच्या मालवाहू ट्रकमध्ये बाहेरची हवा सरळ सिलिंडरमध्ये जात नाही. टर्बो ती दाबतो, दाबताना ती तापते, मग पुढच्या जाळीतल्या इंटरकूलरमध्ये ती थंड होते. साधा हिशेब मांडू. बाहेर ४५ अंश आहेत, टर्बो हवेला दुपटीहून थोडे जास्त दाबतो आहे. ४५ अंशांची हवा टर्बोतून साधारण १५५ अंशांनी बाहेर पडेल, आणि चांगला इंटरकूलर तिला ६७-६८ अंशांवर आणेल. आता समजा टर्बोला ४५ ऐवजी ६० अंशांची हवा मिळाली. टर्बोनंतर ती १७५ च्या आसपास जाईल, पण इंटरकूलर पुन्हा बाहेरच्या त्याच ४५ अंशांच्या वाऱ्यावर थंड होत असल्याने ती ७१-७२ वर येईल. आत शिरताना १५ अंशांचा असलेला फरक सिलिंडरच्या दारात ४ अंशांवर येतो. घनतेत हा फरक सव्वा टक्क्याच्या घरात. १० टन माल घेऊन बिजासन घाट चढणाऱ्या ड्रायव्हरला तो जाणवणार नाही. इंजिनाचा जोर मोजणाऱ्या डायनोवरही तो नीट पकडायला मेहनत पडेल.

टर्बो नसलेल्या जुन्या गाडीची गोष्ट वेगळी. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी हातमिळवणी केली तेव्हापासून या देशाच्या रस्त्यांवर जी इंजिने धावली, त्यातले ६९७ हे ५६७५ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन खानदेशच्या मिस्त्रींना अंधारातही उलगडता येत असे. त्यात टर्बो नव्हता. बाहेरची हवा गरम झाली की इंजिनाचा जोर जवळजवळ त्याच टक्क्याने उतरे. त्यावर मालक पंपवाल्याकडे जाऊन 'डिझेल वाढवून' घेत. मग गाडी चढावर ओढे खरी, पण मागच्या गाडीला काळ्या धुरातून रस्ता शोधावा लागे. अशा इंजिनाला गार आणि मोकळी हवा मिळाली तर धूर घटतो, थोडा जोरही येतो. शेतातल्या किंवा विटभट्टीवरच्या एखाद्या म्हाताऱ्या गाडीला आजही हे लागू पडेल. त्या गाडीला कुणी किट बसवत नाही, हा भाग निराळा.

किट आले कुठून, हेही पाहायला हवे, कारण त्याचा आकार तिथल्या गाडीला बेतलेला आहे. अमेरिकेत डिझेल पिकअप म्हणजे फोर्डची सुपर ड्युटी, कमिन्स इंजिनाची रॅम किंवा ड्युरामॅक्स इंजिनाची शेव्हरोले. लांब बॉनेट, त्याखाली इंजिन, शेजारी एअर क्लीनरचा डबा. बॉनेटखालची हवा तापते आणि डबा तिच्यात बसलेला असतो. त्या गाडीला बाहेरची हवा आणून द्यायची कल्पना सयुक्तिक होती. कापडी जाळीला तेल लावलेला, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टरही तिकडचाच. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनल्ड या मोटरसायकल शर्यतींतल्या दोघांनी कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये काढलेली के अँड एन ही त्यातली सर्वांत परिचित कंपनी. नाव त्यांच्याच आद्याक्षरांचे. शर्यतीत इंजिन काही तास टिकले तरी पुरते आणि हवा जितकी मोकळी तितके बरे. त्या गरजेतून निघालेली वस्तू पुढे रस्त्यावरच्या गाड्यांत आली. तिथेही तिच्यावर लगाम आहेच: कॅलिफोर्नियात असे किट रस्त्यावरच्या गाडीला बसवायचे, तर राज्याच्या हवा मंडळाचा त्या विशिष्ट किटसाठीचा आदेश क्रमांक लागतो.

आपल्या ट्रकचा सांगाडा पाहा. टाटा, अशोक लेलँड, भारतबेंझ, आयशर यांच्या मोठ्या गाड्यांत ड्रायव्हरची केबिन इंजिनावर बसवलेली असते. म्हणून हवेचे तोंड कंपनीनेच केबिनच्या मागे, उंचावर नेले आहे. केबिनच्या पाठीशी उभा असलेला तो जाड काळा पाइप आणि त्याच्या डोक्यावरची जाळी रोज दिसते, पण ती कशासाठी हे क्वचितच कुणी विचारतो. पुढच्या चाकांची धूळ, पुढच्या गाडीचा धूर, रस्त्याची आंच, साचलेले पाणी या सगळ्यांपासून शक्य तितकी दूरची हवा घ्यायची, हाच तिचा हेतू. म्हणजे ज्याला बाजारात 'कोल्ड एअर इनटेक' म्हणून पैसे मोजायचे, ते मोठ्या ट्रकवर कारखान्यातूनच बसून आलेले असते. ते काढून तिथे केबिनखाली उघडा फिल्टर लावणे म्हणजे थंड हवा सोडून गरम हवा घेणे. असे करून ठेवलेल्या गाड्याही दिसतात, आणि त्यांचे मालक खूष असतात, कारण टर्बोची शिट्टी आता लांबवर ऐकू येते. खरे तर या धंद्यात विकला जातो तो बराचसा आवाजच. आवाज वाढला की जोर वाढल्यासारखे वाटते. माणसाचा कान असाच घडला आहे, त्यात ड्रायव्हरचा दोष नाही.

आता धुळीकडे येऊ. इथे खानदेश कुणाला हार जात नाही.

सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा जुना ६ क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग. त्याचे चौपदरीकरण फागणे-तरसोद पट्ट्यात वर्षानुवर्षे रेंगाळले. वळणरस्त्यावर मुरूम, त्यावर खडी आणि त्यावरून ओळीने निघालेल्या गाड्या. पुढच्या गाडीची धूळ मागचीच्या नाकात. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राची राख वाहणारे ट्रक घ्या. ती राख पिठाहून बारीक, तिचे बरेच कण १० मायक्रॉनच्याही खाली. गिरणेची वाळू वाहणारे डंपर नदीपात्रातच भरतात. खडी क्रशरवर उभी राहणारी गाडी तर बेसाल्टच्या भुकटीतच श्वास घेते. बेसाल्टमधली खनिजे कठिणतेच्या मोजपट्टीवर ५ ते ६ वर, नदीच्या वाळूतला क्वार्ट्झ ७ वर. इंजिनाचे लायनर ज्या बिडाचे असतात ते यापेक्षा मऊ. काळ्या मातीची धूळ त्या मानाने मऊ आहे, पण अतिशय बारीक आणि चिकट. आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चोपडा, धरणगाव, अमळनेर, शहादा या भागांत जिनिंग सुरू असते तेव्हा कापसाचा बारीक तंतू हवेत तरंगतो आणि मिळेल त्या जाळीला चिकटतो.

धुळीचा कण इंजिनाचे काय करतो? पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्याची जाडी काही मायक्रॉनच असते. त्याहून थोडे मोठे, म्हणजे ५ ते २० मायक्रॉनचे कण सर्वांत घातक. ते थरातून डोके वर काढतात आणि दोन्ही बाजू घासत जातात. मोठा खडा कुठे तरी अडतो. हे अडत नाहीत. मग कॉम्प्रेशन उतरते, जळालेला वायू खाली क्रँककेसमध्ये येऊ लागतो, गाडी ऑइल खाऊ लागते, निळा धूर दिसतो. तेलाची प्रयोगशाळेत तपासणी केली तर सिलिकॉनचा आकडा वाढलेला दिसतो. इतका खटाटोप आपल्याकडे क्वचितच होतो. थेट इंजिन बांधायलाच येते.

हवा किती लागते याचा अंदाज नसल्याने फिल्टरचे महत्त्व डोक्यात शिरत नाही. पावणेसहा लिटरचे टर्बो इंजिन १५०० आरपीएमवर तासाला सुमारे ४०० घनमीटर हवा ओढते असे धरा. दिवसाचे १० तास गाडी चालली तर ४००० घनमीटर. धुळीच्या रस्त्यावर घनमीटरमागे १ मिलिग्रॅम धूळ धरली, तर दिवसाला ४ ग्रॅम धूळ नाकाशी येते. कंपनीचा कागदी फिल्टर सुस्थितीत ९९.९ टक्के धूळ अडवतो. त्यातून दिवसाला ४ मिलिग्रॅम आत जाते, ३०० दिवसांत सव्वा ग्रॅमच्या आसपास. तेल लावलेल्या कापडी फिल्टरांचे निर्माते स्वतःच ९६ ते ९९ टक्के असा दावा करतात. मधला ९८ धरला, तर वर्षाला २४ ग्रॅम. ९९.९ आणि ९८ हे आकडे शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात, पण आत गेलेली धूळ २० पट होते. पुण्या-मुंबईच्या डांबरी रस्त्यावर शनिवार-रविवार फिरणाऱ्या थारला या फरकाने काही होणार नाही. दीपनगरच्या राखेच्या गाडीला होईल.

धूळ आणि इंजिन यांचे वैर जुने आहे. अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन नावाच्या ट्रॅक्टर विक्रेत्याने १९१५ मध्ये धुळीने बाद होणाऱ्या ट्रॅक्टरसाठी एअर क्लीनर बनवला, त्यातून आजची डोनाल्डसन कंपनी उभी राहिली. आपल्याकडे पुढे ऑइल बाथ आला: तळाशी तेलाची वाटी, हवा तिच्यावरून वळसा घेऊन वर जाणार, जड धूळ तेलात बसणार. जुन्या टाटांवर तो होता, अनेक ट्रॅक्टरांवर आजही आहे. धुऊन, तेल बदलून पुन्हा वापरता येतो म्हणून मिस्त्रींचा लाडका. मात्र बारीक कणांपुढे तो कागदी फिल्टरला हरतो, आणि इंजिन मंद चालताना तर आणखीच. म्हणून मोठ्या गाड्यांत दुहेरी कोरडा फिल्टर आला. हवा आधी गोल फिरवून जड धूळ बाजूला टाकायची, ती खालच्या रबरी चोचीतून बाहेर सोडायची, मग कागदी मुख्य फिल्टर, आणि त्याच्या आत सुरक्षेचा दुसरा पातळ फिल्टर. ही रचना ज्या कसोटीवर तपासतात ती आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ५०११ ची. तिच्यासाठी लागणारी ठरावीक आकाराच्या कणांची धूळ मुळात ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या धुळीवरून घडवलेली. खानदेशच्या उन्हाळ्याला ती फारशी परकी वाटू नये.

एवढी चांगली रचना असून गाड्या दम का सोडतात? बहुतेक वेळा गुन्हेगार आपल्या सवयी असतात. पहिली सवय म्हणजे हवा मारणे. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी असतो, १०० पीएसआयच्या वर. तोच पाइप फिल्टरच्या घड्यांवर धरला की धूळ उडते, समाधान वाटते आणि कागदात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. कुणी त्याहून पुढे जाऊन फिल्टर टायरवर आपटतो. तोंडाची रबरी कड वाकली की फिल्टर आणि डबा यांच्यामध्ये फट राहते, मग कागद कितीही उत्तम असो. झटकायचेच असेल तर हवा ३०-४० पीएसआयच्या आत, आणि आतून बाहेरच्या दिशेने. नंतर अंधारात फिल्टरच्या पोटात बल्ब धरून पाहावे. उजेडाचा एक ठिपका जरी दिसला, तरी तो फिल्टर गेला. सुरक्षेचा आतला फिल्टर तर झटकायचाच नसतो, तो थेट बदलायचा.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरांना पटत नाही, पण खरी आहे: कोरा फिल्टर थोडी धूळ बसलेल्या फिल्टरपेक्षा कमी अडवतो. कागदावर धुळीचा पातळ थर जमला की तोच गाळणी होतो. म्हणून दर आठवड्याला डबा उघडणे हा गाडीवर केलेला उपकार नव्हे. प्रत्येक उघडणीत थोडी धूळ आत पडते ती वेगळीच. फिल्टर चोंदल्याचा इंडिकेटर बहुतेक गाड्यांवर असतो. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा लागतो. टर्बो डिझेलला ओढ साधारण २५ इंच पाण्याच्या दाबाएवढी झाली की फिल्टर बदलायचा, हा सर्वसाधारण नियम. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत हे ६ टक्के होतात. किट बसवून कोऱ्या फिल्टरच्या ओढीत ५ इंचांची बचत झाली असे उदारपणे धरले, तरी ती सव्वा टक्का. पुढे चोंदलेला फिल्टर वेळेत बदलण्याने त्याहून जास्त मिळते.

तिसरी गोष्ट फिल्टरच्या पुढच्या पाइपची. डबा ते टर्बो हा रबरी होज उन्हाने तडकतो, क्लॅम्प सैल होतो, आणि मग जुन्या ट्यूबची पट्टी नाही तर बाइंडिंग वायर त्यावर गुंडाळली जाते. इथली भेग सर्वांत महाग, कारण फिल्टर ओलांडून कच्ची हवा सरळ टर्बोच्या पात्यांवर जाते. होज काढून आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर धूळ आली, तर फिल्टर कितीही भारी असला तरी तो शोभेचाच होता.

'गाडी गरम होते, दम धरत नाही' या तक्रारीत इंटरकूलर तर कुणाच्या ध्यानातच नसतो. थंड हवेसाठी खरा पैसा इथेच सत्कारणी लागतो. रेडिएटरच्या पुढे बसलेल्या या जाळीत कापसाचे तंतू, किडे, केळीच्या पानांचे तुकडे अडकतात आणि वर धूळ बसून एक गोधडीच तयार होते. वरच्या हिशेबात गृहीत धरलेली इंटरकूलरची ८० टक्के क्षमता ६० वर आली, तर सिलिंडरच्या दारातली हवा ६७ वरून थेट ९० अंशांकडे जाते. म्हणजे २०-२२ अंशांचा फरक! हजार-दोन हजारांच्या धुण्यातून मिळणारे हे फळ कुठलेही किट देऊ शकत नाही. जोरात प्रेशर वॉशर मारू नये, पाती वाकतात. मागून पुढे, साध्या पाण्याने धुवावे.

बीएस-६ च्या गाड्यांनी या सगळ्यावर आणखी एक पाचर मारली आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. या इंजिनांत हवा, डिझेल आणि धूर यांचा हिशेब ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठेवतो. अनेक गाड्यांत एअर क्लीनरच्या लगेच पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, आणि पाइपचा व्यास किंवा वळण बदलले की त्याचे माप चुकते. तेल लावलेल्या फिल्टरचे तेल जास्त झाले तर ते त्याच सेन्सरच्या गरम तारेवर जाऊन बसते. मग चेक लाइट लागते, ईसीयू जोर कापतो, आणि सायलेन्सरमधला काजळी अडवणारा डीपीएफ वेळेआधी भरतो. ड्रायव्हर म्हणतो, 'रीजन सारखे मागते', म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी सारखी सांगते. धूळ आत जाऊन इंजिन ऑइल खाऊ लागले, तर जळालेल्या तेलाची राखही त्याच डीपीएफमध्ये साठते. ती रीजनने जळत नाही. युरियाची टाकी वेळेत भरणारा मालक फिल्टरवर काटकसर करतो, तेव्हा तो कुठे तरी चुकीच्या खात्यात बचत लिहीत असतो. जोर वाढवायला ईसीयूचे मॅपच बदलणारेही भेटतात. जोर खरोखर वाढतो, पण तो डिझेलने वाढतो, हवेच्या पाइपने नव्हे. आणि त्या वाटेवर क्लच, टर्बो आणि वॉरंटी यांची किंमत मोजावी लागते.

एव्हरेजचा दावा सर्वांत जास्त चालतो, आणि तोच सर्वांत पोकळ. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये आधुनिक पेट्रोल गाड्यांवर आणि नंतर टर्बो डिझेल गाड्यांवर फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचण्या घेतल्या. इंधनखर्चात म्हणावा असा फरक दिसला नाही. चोंदलेल्या फिल्टरनेही एव्हरेज फारसा पडत नसेल, तर चांगल्या फिल्टरच्या जागी आणखी मोकळा फिल्टर लावून तो वाढेल कुठून? रावेर-सावद्याची केळी घेऊन दिल्लीच्या वाटेला लागलेल्या गाडीचे हजारभर किलोमीटरचे डिझेल टायरची हवा, ड्रायव्हरचा पाय आणि ताडपत्रीचा फुगा ठरवतात.

कायद्याचे काय? मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ म्हणते की निर्मात्याने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात या कलमाचा कडक अर्थ लावला. एअर क्लीनरचा तपशील आरसी बुकात नसतो, म्हणून कलम ५२ च्या अक्षरावर वाद घालता येईल. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी, त्यात सुटे भाग नव्याने बसवणेही आले, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. धुराच्या नियमाचा भंग झाला तर कलम १९० वेगळेच. इंजिनाला मंजुरी मिळते ती त्याच्या इनटेकसह तपासणी करून. ते काम पुण्याची १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय यासारख्या संस्था करतात. बदललेल्या इनटेकची ती तपासणी झालेली नसते. रस्त्यात कुणी बॉनेट उघडून पाहत नाही हे खरे, पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर पाहतो आणि वॉरंटीत इंजिन आले की कंपनीचा माणूसही.

पावसाळ्याचा धोका मी शेवटी ठेवला, तो लहान आहे म्हणून नव्हे. पिकअपच्या काही किटमध्ये 'थंड हवा' मिळावी म्हणून फिल्टर बंपरच्या मागे, खाली नेतात. खानदेशात पाऊस कमी, पण येतो तेव्हा नाले एका तासात भरतात, आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणारे दर वर्षी असतात. डिझेल इंजिन हवा सतरा-अठरा पट दाबते. पाणी दाबले जात नाही. फिल्टरमधून पेलाभर पाणी सिलिंडरमध्ये गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीला किटपेक्षा छताच्या उंचीवर तोंड असलेला स्नॉर्कल बरा, पण तोही मूळ डबा आणि मूळ कागदी फिल्टर ठेवूनच.

मग बाहेरचे काहीच बसवू नये का? असे नाही. राख, वाळू, खडी वाहणाऱ्या डंपरला हवेच्या तोंडावर चांगला प्री-क्लीनर बसवणे हा या भागातला सर्वांत शहाणा खर्च आहे. जेसीबीवर दिसणारा तो पारदर्शक कटोरा किंवा फिरता पंखा जड धूळ आधीच बाहेर फेकतो आणि फिल्टरचे आयुष्य वाढवतो. बोलेरो पिकअप किंवा व्ही-क्रॉसवाल्याला हौस भागवायचीच असेल, तर उघडा शंकू नको. बंद डब्यातले, बॉनेटबाहेरची हवा घेणारे, कोरड्या फिल्टरचे किट पाहावे. खोक्यावर आयएसओ ५०११ चा उल्लेख आणि धूळ अडवण्याचा आकडा आहे का ते वाचावे. 'हाय फ्लो' एवढेच लिहिले असेल तर ती अर्धीच माहिती. सेन्सरच्या जागेचा पाइप मूळ व्यासाचाच हवा. बसवल्यावर पहिल्या महिन्यात टर्बोच्या तोंडाशी पांढरे फडके फिरवून पाहावे. आणि काढलेला कंपनीचा डबा भंगारात देऊ नये. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग लागते, आणि गाडी विकायला काढली की एमएच-१९ असो की एमएच-१८, घेणारा आधी त्या डब्याची विचारपूस करतो.